आलं का?

मी टी.व्ही. सेंटरला राहतो. आमच्या गावात हे वाक्य ऐकून कुणाची भुवई हलत नाही, बाहेरगावच्या माणसाला मात्र ते चमत्कारिक वाटतं. एका लग्नाच्या पंगतीत पुण्याच्या एका बाईंनी जिलेबी मोडता मोडता मला विचारलं होतं, "अय्या, तिथे झोपायची सोय असते?" छत्रपती संभाजीनगरात सिडको-हडकोकडच्या एका चौकाला दूरदर्शनच्या केंद्रावरून हे नाव पडलं आणि ते इतकं मुरलं, की आता तिथे लोक मेथी घ्यायला येतात, चपलेचा अंगठा शिवून घ्यायला येतात, चष्म्याचा स्क्रू बसवायला येतात, टीव्हीचा विचार कुणाच्या मनाला शिवत नाही. शेअर रिक्षावाले तर नुसतं "सेंटर, सेंटर, सेंटर!" ओरडतात. टी.व्ही. त्यांनी केव्हाच गाळला.

अशा चौकात वीस वर्षं काढलेल्या माणसाला टीव्ही दिसावा म्हणून गाडीच्या शिडीवर उभं राहावं लागलं, त्याची ही हकीकत.

हे घडवून आणलं आमच्या साडूंनी. साडू नागपूरचे. निवृत्त झाल्यावर माणसं चालायला लागतात, यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आतल्या सीट उपटल्या आणि तिचं मोटरहोम करून घेतलं. राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्या बातमीचं कात्रण ते पाकिटात ठेवतात. जिथे इतर लोक नातवाचा फोटो ठेवतात तिथे. गेल्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत ते समृद्धी महामार्गाने मेव्हणी आणि सासूबाईंसह थेट आमच्या गल्लीत दाखल झाले. गाडी गल्लीत शिरली आणि गल्ली संपली. दोन्ही बाजूंच्या स्कूटर लोकांनी न सांगता उचलून अंगणात घेतल्या.

"भाऊ, घरात जे जे असते ते सारं हाय याच्यात. काय नाही ते सांगा," साडू म्हणाले.

मी पाहिलं. चार माणसांच्या झोपायच्या फळ्या होत्या (आम्ही सहा होतो), गॅसची शेगडी होती, बेसिन होतं, शंभर लिटरची पाण्याची टाकी होती. आमच्या गावात नळाला पाणी यायचा वार पाठ असावा लागतो, त्यामुळे त्या टाकीकडे बायको जरा जास्तच वेळ बघत राहिली. संडासही होता, पण त्याचं दार आणि जेवायचं टेबल यांत एक वीत अंतर असल्यामुळे तीन दिवसांत त्याचा उपयोग फक्त कांदे ठेवायला झाला. टपावर सोलर पॅनल. सन व्हायझरच्या मागे देवघर. आणि समोरच्या भिंतीवर बत्तीस इंची टीव्ही.

"विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," सासूबाई म्हणाल्या, "पण विंचवाला मालिका नसतात बघायच्या. यात लागतं का आठ वाजता?"

साडू गप्प झाले. गाडीत टीव्ही होता; टीव्हीत काही नव्हतं.

सगळ्यांनी मिळून गाडीतून फिरायला निघण्याच्या आदल्या रात्री आमच्या हॉलमध्ये बैठक बसली. साडूंनी वही काढली. पहिला पर्याय त्यांनीच सुचवला, की घरी घेतो तसं डीटीएचचं कनेक्शन गाडीसाठी वेगळं घ्यावं. एका कंपनीला मी फोन लावला.

"सर, इन्स्टॉलेशनचा पत्ता सांगा."

"एमएच ३१..." मी नंबर प्लेट वाचायला लागलो.

"सर, हाउस नंबर नाही, पत्ता."

"हाच हाउस नंबर आहे."

"पिनकोड?"

"तो बदलत राहील."

"जवळची खूण?"

"उद्या म्हैसमाळ, परवा कन्नड."

"सर, लाइनवर राहा," असं म्हणून त्या मुलीने मला संगीत लावून दिलं. मी बराच वेळ लाइनवर राहिलो. फोन कटल्यावर विनंती नोंदवल्याचा मेसेज आला. त्या मेसेजबद्दल पुढे सांगतो.

दुसरा पर्याय दूरदर्शनची फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ती सुरू झाली तेव्हापासून तिचा मोठेपणा एकच आहे: दरमहा पैसे नाहीत, म्हणून पत्ताही कुणी विचारत नाही. डबा आणि दोन फुटी छत्री एकदा विकत घ्यायची, झालं. छत्री म्हणजे डिश. आमच्याकडे तिला छत्रीच म्हणतात, आणि नाव चुकलेलं नाही, कारण पाऊस आला की दोन्हींचा उपयोग संपतो. जोराचा पाऊस त्या लहरी मधल्या मध्ये पिऊन टाकतो, त्यामुळे ऐन श्रावणात आमच्या घरात मालिकेतलं लग्न अंतरपाटापाशी थांबून राहिलेलं आहे.

तिसरा पर्याय मी मांडला आणि माझ्या गावाची इभ्रत राखली. २०१६ साली दूरदर्शनने देशातल्या सोळा शहरांत एक सेवा सुरू केली होती. मोबाइलला छोटं डोंगल लावायचं आणि इंटरनेटशिवाय, चालत्या गाडीतसुद्धा, साध्या हवेतून दूरदर्शनच्या वाहिन्या पाहायच्या. दिल्ली, मुंबई, कोलकात्याच्या त्या यादीत औरंगाबाद होतं! पुणे नव्हतं. नागपूरही नव्हतं. हे मी साडूंना दोनदा सांगितलं.

"मंग काढा ना डोंगल," साडू म्हणाले.

डोंगल मी आजतागायत पाहिलेलं नाही. पण यादीत नाव होतं.

राहिला मोबाइलचा हॉटस्पॉट. इथे माझ्या इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाने सूत्रं हाती घेतली. "बाबा, ही गाडी म्हणजे पत्र्याचा डबा आहे. डब्यात रेंज येत नाही. डब्यात लोणचं राहतं." म्हणून त्याने सिमकार्ड घालायचा राउटर आणला, त्याची अँटेना टपावर बसवली, आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घेतली, एकीचा टॉवर नसला तर दुसरीचा असेल. (पुढे असं लक्षात आलं, की दोन्ही कंपन्या एकमेकींना फार मानतात. एक गेली की दुसरी थांबत नाही.) त्याने विजेचाही हिशेब मांडला. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे बाराशे वॉट-तास. टीव्ही पन्नासेक वॉट खातो. सेटटॉप बॉक्स आणि राउटर बहुतेक बारा व्होल्टवरच चालतात, त्यांना इन्व्हर्टरचीही गरज नाही. रात्रभर टीव्ही चालेल. फक्त त्या वेळी मिक्सर लावायचा नाही.

"म्हणजे चटणी की मालिका, असं ठरवायचं का आम्ही?" मेव्हणीने विचारलं.

"ठेचा खलबत्त्यात करतात," सासूबाई म्हणाल्या. विषय संपला आणि खलबत्ता गाडीत चढला. सहा किलोचा.

"आणि अडीनडीला माझ्याजवळ पेन ड्राइव्ह हाय," साडू वही मिटता मिटता हळूच म्हणाले. त्याच्यात काय आहे ते कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

सकाळी निघालो. दौलताबादच्या पुढे घाटात रस्ता किल्ल्याच्या तटबंदीतल्या दिल्ली दरवाजातून जातो. चारचाकी तिथून जाते, बसही जाते. पण साडूंनी फ्री डिशची छत्री विकत घेऊन टपावर लोखंडी पायावर उभी करून ठेवली होती, आणि ती उंची तटबंदी बांधणाऱ्यांनी धरलेली नव्हती. मी खाली उतरून "येऊ द्या, येऊ द्या" करत होतो. समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर, मागे वेरूळला जाणाऱ्या सहलींच्या बसेस. पोरं खिडक्यांतून आमच्या छत्रीला शिट्ट्या मारत होती. शेवटी मुलाने वर चढून छत्री आडवी केली आणि सहाजणांचा संसार दरवाजापार झाला.

संसार घेऊन या वाटेला येणारे आम्ही पहिले नाही. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानीच दिल्लीहून इथे आणली. लोक त्याला वेडा म्हणतात, पण त्याचं नेटवर्क पाहा. इब्न बतूता लिहून गेलाय, की पायी डाकेसाठी दर मैलाच्या तिसऱ्या हिश्श्याला एक चौकी होती आणि प्रत्येक चौकीत धावपटू कमर कसून तयार. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात तांब्याच्या घंटा लावलेली काठी. घंटा वाजली की पुढच्या चौकीतला माणूस उठायचा आणि पत्र घेऊन पळत सुटायचा. टॉवर म्हणा, रिंगटोन म्हणा, सगळं त्यात आलं. आणि सुलतानाला प्यायला गंगेचं पाणी दौलताबादपर्यंत आणलं जायचं, चाळीस दिवसांच्या वाटेवरून. आमच्या भागात पाण्याची वाट बघणं किती जुनं आहे, ते यावरून कळावं.

खुलताबाद मागे टाकून दुपारी म्हैसमाळला पोचलो. साडेतीन हजार फूट उंची, गिरिजामातेचं देऊळ, गार वारा, आणि डोंगरावर दूरदर्शनचा मनोरा. हा मनोरा पाहिला की माझा हात आपोआप छातीशी जातो. आमच्या लहानपणी गावातल्या गच्च्यांवरचे ॲल्युमिनियमचे अँटेने याच्याकडे तोंड करून उभे असत. १९८७ साली रामायण लागायला पाच मिनिटं असताना नेमका त्यावर कावळा बसायचा आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग वडील गच्चीवर, मी जिन्यात, आई टीव्हीसमोर. वडील अँटेना जरासा फिरवून विचारायचे, "आलं का?" मी जिन्यातून ओरडायचो, "आलं का?" आई म्हणायची, "आलं... आलं... गेलं!" मी वर ओरडायचो, "गेलं!" तोवर वडिलांनी तो आणखी फिरवलेला असायचा. आमच्या घरात सीतेचं स्वयंवर असं तुकड्यातुकड्यांनी झालेलं आहे.

तर त्या मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर गाडी लावून आम्ही टीव्ही सुरू केला. पडदा काळा, त्यावर एक ओळ: सिग्नल नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. देशभरातली जुनी अॅनालॉग प्रक्षेपणं दूरदर्शनने गेल्या काही वर्षांत बहुतेक बंद करत आणली. आता टीव्ही डोंगरावरून येत नाही, थेट आकाशातून येतो. फ्री डिशचा उपग्रह, जीसॅट-१५, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर ९३.५ अंश पूर्व रेखांशाला ठाण मांडून बसलेला. आमच्या भागातून तो बरोबर आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण साठ अंश वर.

"आग्नेयेला? मग बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या. "आग्नेयेला स्वयंपाकघर असावं." साडूंनी त्यांच्या समाधानासाठी शेगडीची बाजू आग्नेयेला येईल अशी गाडी वळवली. त्या वळवण्यात गाडी उतारावर आली, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग सुरू झालं. साडू टपावर. मी शिडीवर. बायको दारात. मुलगा टीव्हीसमोर. पडद्यावर दोन पट्ट्या होत्या, एक सिग्नलच्या ताकदीची आणि एक दर्जाची. ताकद शेकडा ऐंशी. दर्जा शून्य. मेव्हणी साडूंकडे बघून काहीतरी पुटपुटली, ते मी इथे लिहीत नाही.

"आलं का?" साडू.

"आलं का?" मी.

"आलं का रे?" बायको.

"थांबा... दर्जा पाच... बारा... गेला."

"गेला," बायको.

"गेला!" मी.

"कोन गेला?" साडू.

वरचा उपग्रह आणि आमचा पडदा यांच्यातला उशीर किती, ते मी नंतर काढलं. जमिनीवरून वर जाऊन परत खाली यायला प्रकाशाच्या वेगाने पाव सेकंदही लागत नाही. मुलाच्या तोंडातला "आलं" टपावर पोचायला मात्र आठ सेकंद लागत होते, कारण मधल्या प्रत्येक चौकीवर तो दुरुस्त होत होता. तुघलकाची माणसं निदान घंटा वाजवायची.

पावणेआठला दर्जा एकदम साठवर गेला. चित्र आलं! सह्याद्री वाहिनीवर कुणी तरी गृहस्थ कांद्यावरच्या करप्याबद्दल बोलत होते. त्या क्षणी आम्हाला ते नटसम्राटांसारखे वाटले. साडूंनी छत्री दोरीने करकचून बांधली. खाली उतरून ते विजयी मुद्रेने दारातून आत आले, आणि गाडी त्यांच्या बाजूला जराशी कलली. करपावाले गृहस्थ गोठले.

कारण साधं होतं. दोन फुटी छत्रीला अंश-दीड अंशाची चूक चालते, त्यापुढे नाही. गाडी स्प्रिंगवर उभी, तीही उतारावर. आत कोण कुठे बसलंय यावर टपाचा कल ठरणार. त्यावर मुलाने उपाय काढला: सगळ्यांनी चित्र आलं तेव्हा जिथे होते तिथेच राहायचं. म्हणजे मी शिडीवर, बायको दारात आणि साडू टपावर. असं आम्ही आठ ते साडेआठ पाहिलं. पाहिलं म्हणजे सासूबाईंनी पाहिलं, आम्ही ऐकलं. रात्री त्या झोपल्यावर बातम्या लावल्या, तर त्या कुशीवर वळल्या की निवेदिका तोंड उघडं ठेवून थांबायची. पुन्हा सरळ झाल्या की वाक्य पुरं करायची. देशाची आर्थिक परिस्थिती त्या रात्री सासूबाईंच्या डाव्या कुशीवर अवलंबून होती.

जहाजांवर आपोआप फिरणारी अँटेना असते. गाडी हलली, वळली तरी ती उपग्रहावरची नजर काढत नाही. मुलाने तिची किंमत काढली. साडूंनी ती ऐकून वही सकाळपर्यंत उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी पितळखोऱ्याला गेलो. गौताळा अभयारण्यातल्या या लेण्यांत उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि आमच्यासाठी तिथे दोन्ही कंपन्यांनी एकाच पायरीवर निरोप घेतला. लेणी फार जुनी, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांच्या पंगतीतली. खांबांवर ब्राह्मीत दानशूरांची नावं कोरलेली आहेत. त्यांत एक पैठणच्या गांधिकाचं, म्हणजे अत्तरवाल्याच्या कुळातलं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. दोन हजार वर्षं झाली, कार्यक्रम कधीच संपला, भिक्षू गेले, प्रेक्षक गेले. प्रायोजकाचं नाव तेवढं पडद्यावर आहे.

मुक्कामाला कन्नडच्या अलीकडे एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधाला गाडी लावली. पलीकडच्या तुकड्यात ऊसतोडीची टोळी उतरलेली. पाचटाच्या सात-आठ कोप्या, बैल, एक ट्रॅक्टर, चुलींचा धूर. अंधार पडता पडता साडू टपावर चढले, मी शिडी धरली, आणि आमची आरती सुरू झाली. "आलं का?" "आलं का?" "आलं का रे?"

पंधरा-वीस मिनिटांनी एक बाई पदराला हात पुसत आल्या. दिवसभर ऊस तोडून आलेल्या. त्यांनी थोडा वेळ कंबरेवर हात ठेवून पाहिलं.

"काय करायलाव ओ दादा टपावर?"

"छत्री लावतोय ताई. फ्री डिश."

"टपावर कशाला? गाडी हालतीय की."

मी त्यांच्या कोपीकडे पाहिलं. कोपीशेजारी जमिनीवर एक लोखंडी घमेलं, घमेल्यात छत्री, छत्रीच्या पायात चार दगड. वायर कोपीत, कोपीत छोटा टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, आणि त्यात सासूबाईंची मालिका. स्वच्छ. एकही मुंगी नाही.

"दर साली नवा फड," त्या म्हणाल्या. "एका सालात चार-पाच डाव तरी हालतो. छत्री काढायची, लावायची. उतरा खाली."

साडू उतरले. पुढची सहा मिनिटं मी मनगटावरच्या घड्याळात मोजली आहेत. बाईंनी आमची छत्री पायासकट खाली घेतली. "टीव्ही भाईर काढा," म्हणाल्या. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. टीव्ही बाहेर काढायचा असतो, म्हणजे छत्री फिरवणाऱ्याला पडदा स्वतःलाच दिसतो, हे तीन पदव्या, एक निवृत्तिवेतन आणि होकायंत्राचं ॲप जवळ असलेल्या चार पुरुषी-बायकी डोक्यांत चोवीस तासांत आलेलं नव्हतं. मग त्या उभ्या राहिल्या. "पूर्वेकडं तोंड करायचं. उजवा हात आडवा धरायचा. नाकाच्या अन् हाताच्या बरोबर मधी छत्री. मग वर-खाली करायची, बस." मुलाने गणित करून पाहिलं. उपग्रहाची दिशा उत्तरेपासून एकशे छत्तीस अंश. नाक आणि उजवा हात यांच्या मधोमध येतात एकशे पस्तीस.

एक अंश ती बाई हाताने सरकवत होती.

दर्जा एकाहत्तर. चार दगड ठेवले. "झालं. आता नाचा गाडीत," असं म्हणून त्या भाकरीकडे वळल्या. त्यांना पहाटे तीनला उठायचं होतं. साडूंनी पैसे देऊ केले, त्या हसल्या आणि आमच्या सोलर पॅनलवर कोपीतले दोन मोबाइल चार्ज करून मागितले. इतका सरळ सौदा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

त्या रात्री क्रिकेटचा सामनाही होता. आमच्याकडे आता छत्रीवर मालिका, म्हणून मुलाने सामना राउटरवरून मोबाइलवर लावला. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण थेट नसतं. ते पाकिटं बांधत, साठवत, अर्धा मिनिट मागे रेंगाळत येतं. पलीकडच्या कोपीत कुणीतरी तोच सामना छत्रीवर लावला होता. आमचा गोलंदाज अजून धावतच असायचा, आणि तिकडून आरोळी यायची, "गेला रं गेला!" मुलाने थोड्या वेळाने मोबाइल पालथा घालून ठेवला आणि नुसता कोपीचा आवाज ऐकत बसला. डाटाही वाचला.

तिसऱ्या रात्री फर्दापूर. दुसऱ्या दिवशी सकाळी अजिंठा पाहायचा होता. लेण्यांपर्यंत आपली गाडी नेता येत नाही, फर्दापूरच्या फाट्यावरून एसटीच्या बसने जावं लागतं, म्हणून मुक्काम जवळच. आता आम्ही छत्रीत पारंगत. नाक, हात, दगड, सगळं तोंडपाठ. फक्त घमेलं नव्हतं, ते बाईंकडेच होतं. त्याऐवजी साडूंनी परात घेतली. जागा सुरेख होती, भल्यामोठ्या चिंचेखाली. नाक पूर्वेला, हात दक्षिणेला, मध्ये चिंच. चिंच हलवायला एकही पर्याय वहीत नव्हता, आणि अंधारात गाडी दुसरीकडे लावायला साडू तयार नव्हते. मोबाइलवर नुसतं गोल गोल फिरत होतं. तेवढ्यात मेव्हणीने खलबत्त्याला कंटाळून मिक्सर लावला आणि इन्व्हर्टर टूं करून बसला. तो उठवायला अर्धा तास गेला. घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं. सासूबाई पडद्याकडे बघत बसलेल्या, काही बोलत नव्हत्या, हे जास्त भीतिदायक होतं.

साडूंनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

त्यांच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ. तीन तास चाळीस मिनिटं. टीव्हीला मागे खाच असते, त्यात पेन ड्राइव्ह खोचला की उपग्रह नको, टॉवर नको, नाक नको, हात नको. चित्र एकदाही थांबलं नाही. थांबलं असतं तर बरं, असं मला पहिल्या तासात दोनदा वाटलं. पण सासूबाई हलेनात. मालिकेत असतं ते सगळं त्यात होतं: सासू, सून, जरीच्या साड्या, रडणं, कोपऱ्यात चाललेली कुजबुज, आणि प्रत्येक माणूस तीन-तीन दिशांनी दाखवलेला. शिवाय जाहिराती नाहीत. आणि मालिकेत नसतं तेही होतं, की प्रत्येक पात्राचा खरा इतिहास त्यांना ठाऊक. "ही बघ, हिने आहेर परत मागितला होता." "हा जेवायला दोनदा बसला, मागे सरक जरा, दिसेल."

त्या व्हिडिओत मी अकरा सेकंद आहे. पंगतीत बसलोय, पानात जिलेबी आहे, आणि शेजारच्या पुण्याच्या बाई माझ्याकडे वळून काहीतरी विचारतायत. आवाज सनईचा आहे, पण ओठांवरून स्पष्ट वाचता येतं. सासूबाईंनी तेवढा तुकडा चार वेळा मागे घ्यायला लावला.

चौथ्या दिवशी आम्ही परत टी.व्ही. सेंटरला. गल्लीतल्या स्कूटर पुन्हा अंगणात गेल्या. चहा होतो न होतो तोच मोबाइलवर त्या डीटीएच कंपनीचा मेसेज आला: आमचा प्रतिनिधी दिलेल्या पत्त्यावर आला असता ग्राहक घरी नव्हते, सबब विनंती बंद करण्यात येत आहे. दिलेला पत्ता म्हणजे एमएच ३१. तो प्रतिनिधी कुणाच्या मागे किती लांब गेला असेल, याचा मी अजून विचार करतो.

साडू नागपूरला परतले, पण त्यांची वही मिटलेली नाही. त्यांनी वाचलंय, की स्टारलिंकला २०२५ च्या जूनमध्ये भारतात परवाना मिळाला, नोव्हेंबरात आपल्या राज्य सरकारनेही तिच्याशी बोलणी पक्की केली, आणि सुरुवातीच्या जिल्ह्यांत गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव आहेत. हे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरवरूनच पळतात आणि त्यांची छत्री त्यांना आपली आपण हुडकते. "म्हंजे 'आलं का' विचाराचं कामच नाही, भाऊ!" साडू फोनवर म्हणाले. येत्या मे महिन्यात गाडी धाराशिवला न्यायची, तिथे रेंज येते का पाहायचं, असा त्यांचा बेत आहे. सासूबाईंनी एवढंच विचारलं, की पेन ड्राइव्ह गाडीत राहणार आहे ना.

मी मात्र नव्या यंत्रावर विसंबून राहणार नाही. वाचकांपैकी कुणाकडे जुनं लोखंडी घमेलं पडून असेल, कडा शाबूत असलेलं, तर कृपया मेच्या आधी आणून द्यावं. दगड आमच्याकडे आहेत. पत्ता सोपा आहे. रिक्षावाल्याला नुसतं सेंटर म्हणा.